बॉल आज कुणाच्या घरी

मला बास्केटबॉल शिकवणाऱ्या सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावर नाही, तर आमच्या असोद्याच्या शेतात. दिवाळी नुकतीच झाली होती, कापूस फुटून पांढरा झाला होता, आणि मी, आई अन् शेजारची काकू अशा तिघी कमरेला ओटी बांधून एकेक ओळ वेचत होतो. सरांच्या टीममधली एक मुलगी आमच्याच गल्लीतली. तिच्या घरीही वेचणी चालली होती, म्हणून ती आठवडाभर प्रॅक्टिसला गेली नव्हती. तिला शोधायला सर मोटरसायकलवरून थेट शेजारच्या बांधावर आले आणि तिला रागवायचं सोडून माझ्याकडेच बघत उभे राहिले. मला संताप आला. परका माणूस बांधावर उभा राहून एकटक बघतोय म्हटल्यावर कुणालाही येईल.

"कॉलेजला जाते?" त्यांनी विचारलं.

"जाते." मी कॉलेजचं नाव सांगितलं. ते त्यांचंच कॉलेज निघालं.

"मग ग्राउंडवर कधी दिसली नाही."

"ग्राउंड मागं आहे. मी पुढच्या गेटनं येते."

आईनं माझ्याकडे डोळे वटारले. सर मात्र हसले आणि आईला म्हणाले, "अक्का, तुमची पोरगी दोन्ही हातांनी सारखा कापूस वेचते. डावा हात उजव्याच्या मागं राहत नाही. असे हात मी दोन वर्षं शोधतोय."

आईला यातलं काही कळलं नाही. तिला कळलं ते एवढंच की हा माणूस तिचे दोन हात पळवायला आला आहे. "पोरगी खेयाले जाईन त् कापूस कोन वेचीन, भाऊ?" ती म्हणाली.

"आम्ही येऊ," सर म्हणाले.

मला वाटलं, बोलायला काय जातं. पण पुढच्या रविवारी सकाळी सर खरंच आले आणि त्यांच्यामागे ट्रॅकसूट घातलेल्या आठ मुली आल्या. त्यांतल्या निम्म्या जळगाव शहरातल्या, दुकानदारांच्या घरातल्या. त्यांनी कापूस फक्त गादीत पाहिलेला. सर स्वतः ओळीत वाकून वेचत होते आणि मध्येच ओरडत होते, "डावा हात! डावा हात झोपला का?" त्या मुलींनी आमच्या कापसात एवढी पानं आणि काड्या मिसळल्या की आई दोन दिवस निवडत बसली. पण असे चार रविवार झाल्यावर ती एका संध्याकाळी म्हणाली, "जाय बाई, खेय." मला वाटतं, तिनं हात टेकले होते.

प्रॅक्टिस सकाळी साडेपाचला असायची. आमच्याकडे दुसरी वेळ चालतच नाही. मार्चनंतर आठ वाजता सिमेंटचं कोर्ट तापायला लागतं आणि दहाला त्यावर पाय ठेववत नाही. मी वडिलांबरोबर यायचे. ते पहाटे वांगी घेऊन जळगावच्या मार्केटला निघत. मोटरसायकलवर पुढे वडील, मध्ये वांग्यांची गोणी, मागे मी. थंडीत ती गोणी माझी ऊबही होती आणि वास येणारी वैरीणही, कारण शहरातल्या मुली मला "भरीत" म्हणायच्या. त्यांपैकी एकीचा पहिल्याच आठवड्यात मी कोपरानं ओठ फोडला. सरांनी मला कोर्टाला वीस फेऱ्या मारायला लावल्या आणि तिला माझ्याबरोबर वीस. दहाव्या फेरीला आम्ही दोघी बोलायला लागलो होतो. तीच पुढे माझी जिवाभावाची मैत्रीण झाली.

आता सरांबद्दल सांगते. ते फैजपूरकडचे, केळीवाल्या घरातले. दोन मोठे भाऊ बागा बघायचे, आणि तिसऱ्यानंही तेच करावं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण हा तिसरा जळगावला कॉलेजला आला आणि बास्केटबॉलच्या नादी लागला. उंची बेताची, पण पास असा द्यायचे की घेणाऱ्याला वाटावं, बॉल आपल्या हातात आधीपासूनच होता. हे मी पाहिलेलं नाही. त्यांच्याबरोबर खेळलेले लोक सांगतात. विद्यापीठाच्या एका सामन्यात गुडघा गेला आणि खेळ संपला. मग त्यांनी बी.पी.एड. केलं, एम.पी.एड. केलं, सावद्याच्या एका शाळेत वर्षभर पी.टी. घेतली, धुळ्याच्या एका कॉलेजात काही वर्षं काढली आणि शेवटी जळगावात आले. सगळीकडे तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढं मानधन, परीक्षा आल्या की नेमणूक संपली, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत. ज्यांनी गेल्या वर्षी यांच्या टीमसोबत ट्रॉफी धरून फोटो काढले, तेच लोक जुलैमध्ये टेबलापलीकडे बसून विचारायचे, "आपला अनुभव काय?" मला हे कळलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. सर म्हणाले, "विचारू दे. सांगितलं की मलाही आठवतं."

नेमणुकीचं पत्र हातात यायला ऑगस्ट उजाडायचा. सरांची शिट्टी मात्र जूनमध्येच वाजायची. मधल्या उन्हाळ्यात ते भावाच्या केळीचे ट्रक भरून घ्यायला सावद्याला जायचे. एकदा मला तिथे दिसले. घडांच्या राशीजवळ उभं राहून हमालांना ओरडत होते, "गुडघ्यातून वाक, कमरेतून नाही!" हमाल हसत होते, पण वाकत होते गुडघ्यातूनच.

सरांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही कोचकडे पाहिली नाही. आमच्याकडे एक जुना बॉल होता, घासून घासून गुळगुळीत झालेला. सामन्यात ज्याच्या चुकीनं हरलो, त्यानं त्या दिवशी तो बॉल घरी न्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला परत आणायचा आणि आल्यावर सगळ्यांच्या आधी एक शॉट मारायचा. तो आत जावो न जावो, कुणी टाळी वाजवायची नाही, कुणी हसायचं नाही. त्या शॉटनंतर प्रॅक्टिस सुरू आणि कालची गोष्ट बंद.

माझ्या पहिल्याच मोठ्या सामन्यात हा मान मला मिळाला. हाफटाइमनंतर दोन्ही संघांच्या बाजू बदलतात. हे मला माहीत होतं, पण पायांना माहीत नव्हतं. मला मोकळा बॉल मिळाला, मी जीव खाऊन पळाले, डाव्या हातानं सुरेख टाकला आणि दोन्ही हात वर करून नाचले. बास्केट आमचीच होती. आम्ही एका गुणानं हरलो. सामना संपल्यावर मी नळाशी जाऊन तोंड धुतल्याचं सोंग करत रडत होते, तेव्हा सरांनी बॉल आणून माझ्या हातात दिला. "टाकलास छान," ते म्हणाले. "पाय बरोबर पडला. आता घरी ने याला."

असोद्याच्या बसमध्ये मी तो बॉल ओढणीखाली लपवून बसले होते. तरी स्टँडवर उतरल्यावर कुणीतरी विचारलंच, "काय वं, डांगर आनलं का?" त्याला ओढणीखाली भोपळा दिसला होता. घरी आईनं तो इकडेतिकडे लोळू नये म्हणून वांग्यांच्या टोपलीत ठेवला. जेवताना समोर तो, अंगणात येता-जाता तो. आधी बघवत नव्हतं. मग दिवेलागणीच्या सुमारास मी तो उचलला आणि गोठ्याच्या भिंतीवर मारायला लागले. सकाळी परत नेला, शॉट मारला, चुकला, आणि सर ओरडले, "चला, पळा!" पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्यांना विचारलं, ही रीत आली कुठून. म्हणाले, "गुडघा गेला तो शॉट माझा चुकला होता. त्यावरच हरलो. कुणी काही बोललं नाही, सगळे मला सांभाळत होते. मी वर्षभर बॉलला हात लावला नाही. त्या दिवशी कुणी तो माझ्या घरी ठेवला असता तर बरं झालं असतं."

एकदा मात्र त्यांनी मला बॉल दिला नाही. विद्यापीठाच्या संघाची निवड चालली होती. शेवटच्या एका जागेसाठी मी आणि ती ओठ फुटलेली मैत्रीण, अशा दोघीच उरलो होतो. तिच्या घरी लग्नाचं बघत होते; ती निवडली गेली तर वर्षभर लग्न टळणार होतं. मी तीन फ्री थ्रो मुद्दाम चुकवले. मला वाटलं, कुणाला कळणार आहे. निवड समितीला कळलंही नाही. बाहेर आल्यावर मी बॉलसाठी हात पुढे केला, तर सरांनी तो मागे घेतला. "चुकलेल्याला देतो मी. चुकवणाऱ्याला नाही." ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मैत्रीण संघात गेली, तिचं लग्न वर्षानं लांबलं, ती आज बँकेत नोकरीला आहे. मला त्या तीन शॉट्सचा पश्चात्ताप नाही. पण सरांचा तो मागे गेलेला हात अजून आठवतो.

मी त्यांच्याच वाटेनं गेले. बी.पी.एड., एम.पी.एड., मग प्राध्यापकीला लागणारी सेट परीक्षा. सेटचा अभ्यास आम्ही दोघांनी एकत्र केला. सर तेव्हा चाळिशी ओलांडलेले, मी पंचविशीची. प्रॅक्टिस संपल्यावर कोर्टाच्या कडेला कडुनिंबाखाली बसून एकमेकांना प्रश्न विचारायचो. माझी सेट पहिल्या झटक्यात निघाली, त्यांची तिसऱ्या. मग मीही त्यांच्यासारखीच तासिकेवर लागले, दुसऱ्या कॉलेजात. पण सकाळी साडेपाचला त्यांच्याच कोर्टावर जायचे.

आणि एक दिवस धुळ्याच्या कॉलेजात क्रीडा संचालकाची कायम जागा निघाली. अशी जागा कितीतरी वर्षांत निघाली नव्हती. सर दोन अर्ज घेऊन आले.

"दोन कशाला?"

"एक तुझा."

"मी नाही भरणार. ती जागा तुमची आहे."

"जागा कुणाची असते का? भर." मी भरला नाही, तर त्यांनीच त्यांच्या सुवाच्य अक्षरात भरला आणि मला फक्त सही करायला लावली. सहीसाठी मी नाक मुरडत अर्धा तास घालवला.

त्या जानेवारीत दरवर्षीप्रमाणे आमच्या शेतात टीमची भरीत पार्टी झाली. सीझन संपला की सर सगळ्यांना घेऊन यायचे. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरवी मिरची. ठेचायचं काम सरांचं; ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्या वर्षी त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली होती. त्या माझ्याशेजारी बसून कांद्याची पात निवडत होत्या. निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "या बारीले नाई झालं त् बस, म्हनलं मी त्यायले. भाऊ म्हनतात, वाटनीची केयी सोता पाहा. पोरगी दहावीले गेली. कितीक वर्सं वाट पाहाची मानसानं?"

मी म्हणाले, "वहिनी, मी अर्ज मागे घेते."

"नको. ते चिडतीन. जा तुमी दोघं." मग पातीची जुडी बांधत त्या म्हणाल्या, "पन मी देवाले एकाचंच नाव सांगतलं."

त्यांचा मला राग आला नाही. माझ्या मनातलंही नाव तेच होतं. पलीकडे सर बडगीत मुसळ घालत एका मुलीला समजावत होते की ठेचतानासुद्धा मनगट सैल हवं. मी तिथेच ठरवलं की मुलाखतीला जायचं आणि नीट पडून यायचं.

मुलाखत उन्हाळ्याच्या तोंडावर होती. आम्ही एकाच बसनं धुळ्याला निघालो. सरांनी पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा, आणि खिशात शिट्टी होती. तिची दोरी बाहेर लोंबत होती. मी दोरी आत सरकवायला सांगितली. पारोळ्याला बस थांबली. सरांनी दोन चहा घेतले, एक खिडकीतून मला दिला आणि बसमध्ये परत बसल्यावर एकदम म्हणाले, "आज चुकवू नकोस."

"मी काय चुकवणार?"

"तू मुद्दाम चुकवायच्या आधी रिंगकडे बघत नाहीस. जळगाव सोडल्यापासून तू माझ्याकडे बघितलेलं नाही." मी चहाचा मोठा घोट घेतला. चहा पोळला, तरी पीत राहिले.

तिथे आधी प्रात्यक्षिक होतं. कॉलेजच्या बारा मुली कोर्टावर उभ्या होत्या आणि कडेला खुर्च्यांवर समिती. प्रत्येक उमेदवाराला दहा मिनिटं. सरांचा नंबर माझ्या आधी होता. ते कोर्टावर गेले, शिट्टी काढली, मुलींना दोन रांगांत उभं केलं. माझा जीव भांड्यात पडला. मला माहीत होतं, या दहा मिनिटांत हा माणूस सगळ्यांना गार करील. मुली एकामागून एक बास्केटकडे पळायला लागल्या. आणि शेवटून दुसरी, काडीसारखी एक मुलगी पळत आली, अडखळली आणि तिनं बॉल बोर्डाच्या मागे फेकला. बाकीच्या हसल्या. सरांनी शिट्टी तोंडातून काढली.

"डावरी आहेस का?" त्यांनी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "सर, डाव्या हाते टाकू नको म्हंतस."

"कोण म्हणतं? टाक डाव्यानं."

"माले नही जमस."

"हात विसर. शेवटचं पाऊल उजवं टाक. फक्त पाऊल. बॉल नको घेऊस."

आणि तिथे सर बाकीचं सगळं विसरले. अकरा मुली उभ्या, समिती बसलेली, वरून ऊन, आणि सर गुडघ्याचं दुखणं असूनही खाली बसून त्या मुलीचं पाऊल बोटानं सिमेंटवर दाखवतायत. डावं, उजवं, वर. डावं, उजवं, वर. मी कडेला उभी राहून घड्याळ बघत होते. चार मिनिटं, सहा मिनिटं. "सर, बाकीच्या!" असं मी ओरडणारही होते. समितीतल्या एका गृहस्थांनी घसा खाकरला. सरांनी वर न बघता हात केला, थांबा म्हणून. दहावं मिनिट झालं तेव्हा त्या मुलीचं पाऊल बरोबर पडायला लागलं होतं, पण तिच्या हातात अजून बॉल आला नव्हता. सर घाम पुसत बाहेर आले. चेहरा असा उजळलेला की मला त्यांना एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग मी. मी पडायला गेले होते. पण समोर बारा मुली होत्या आणि त्यांनी काही माझं वाकडं केलं नव्हतं. त्यांच्याकडे बघून चुकीचं शिकवायला तोंड उघडेना. शिट्टी वाजली, आणि सकाळी साडेपाचला कित्येक वर्षं जे केलं होतं ते हातापायांनी आपोआप केलं. दोन रांगा, मग चार कोपरे, मग पास, सगळ्या पळत्या, कुणी रिकामं नाही. शेवटच्या मिनिटाला त्या काडीच्या मुलीचा नंबर आला. डावं, उजवं, वर. डाव्या हातानं टाकलेला बॉल रिंगला न लागता आत गेला. मुली ओरडल्या. समितीतले ते गृहस्थ म्हणाले, "वा, मॅडम!" आणि त्यांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं.

तोंडी मुलाखतीत मी सगळ्यात आधी तेच सांगितलं. "ती मुलगी मी शिकवलेली नाही. ते सरांचं काम आहे. माझ्या वेळात फक्त फळ पडलं." ते सगळे एकमेकांकडे बघून हसले. "नम्रता चांगली आहे," एक जण म्हणाला. मी तावातावानं पुन्हा सांगितलं. "गुरूविषयी आदरही आहे," दुसरा म्हणाला. खरं बोलून मी माझेच गुण वाढवत होते.

दुपारी यादी लागली. वर माझं नाव होतं, खाली प्रतीक्षा यादीत सरांचं. सरांनी यादी दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चल, चारची बस मिळेल." स्टँडवर त्यांनी माझ्यासाठी पेढे घेतले. मी म्हटलं, मी खाणार नाही. "मग घरी ने, अक्कांना दे," ते म्हणाले. एरंडोल येईपर्यंत मी पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसले. मग तेच बोलले.

"बारा पोरी होत्या. मी एकच पाहिली. माझी चूक झाली."

"सर, चूक नव्हती ती."

"कोचची चूकच होती. आज बॉल माझ्याकडे."

त्यांच्या साऱ्या वर्षांत बॉल कधी त्यांच्या घरी गेला नव्हता. जळगावला उतरल्यावर आम्ही कॉलेजात गेलो, त्यांनी किल्ली काढून स्टोअर उघडलं, बॉल पिशवीत घातला आणि मोटरसायकलच्या हँडलला अडकवला. अजून उजेड होता. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले, आणि मला वहिनींचे शब्द आठवले. या बारीले नाई झालं त् बस.

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच कोर्टावर होते. मुली आल्या. साडेपाच झाले, सर नाहीत. पावसापाण्यात, तापात, नेमणुकीचं पत्र नसताना, ज्या सरांना मी कधी एक मिनिट उशिरा पाहिलं नव्हतं, ते नाहीत. पाच पस्तीस. एका मुलीनं विचारलं, "ताई, शिट्टी तुम्ही वाजवता का?" मी तिच्यावर खेकसले. माझ्या गळ्यात शिट्टी होती, पण त्या दिवशी मी ती वाजवली असती तर सरांची जागा मीच दुसऱ्यांदा घेतली असती. पाच चाळीसला मोटरसायकलचा आवाज आला.

ते उतरले, पिशवीतून बॉल काढला. कुणाला काही सांगितलं नाही. मुलींना काय समजायचं ते समजलं. सगळ्या रेषेबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. सरांना शॉट मारताना आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं. त्यांनी बॉल दोनदा आपटला, गुडघा जपत थोडंसं वाकले आणि टाकला. बॉल रिंगभोवती एक गिरकी घेऊन बाहेर पडला. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलं नाही. सर स्वतःच बॉल आणायला गेले आणि येताना ओरडले, "बघता काय? पळा!"

त्या दहा मिनिटांबद्दल त्यांनी पंक्चर झालं असं सांगितलं. खरं काय ते वहिनींनी नंतर मला सांगितलं. ते पहाटे कपडे करून, मांडीवर बॉल घेऊन ओट्यावर बसले होते; उठतच नव्हते. वहिनी आतून बघत होत्या. मग त्याच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जा आता. पोरी थांबल्या असतीन." गाडीची किल्लीही त्यांनीच आणून दिली. ज्या बाईनं बस म्हटलं होतं, तिनंच त्यांना पाठवलं. त्यानंतर त्या सरांना केळीविषयी पुन्हा बोलल्या नाहीत, आणि मला वाटतं, या सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोठा पास त्यांनी दिला.

मी धुळ्याला रुजू झाले. सर अजून जळगावातच आहेत, तासिकेवर, दर जुलैला आपला अनुभव सांगतात. एक गोष्ट मात्र बदलली, आणि तिनं माझा जीव खाल्ला. मी कायम झाल्या दिवसापासून ते मला "मॅडम" म्हणायला लागले. अहो-जाहो. "मॅडम, तुमची टीम कधी येणार?" मी भांडले, चिडले, एकदा फोन आपटला. "तुम्ही आता संचालक आहात, मुलींसमोर बरं दिसत नाही," ते शांतपणे म्हणायचे. मुली समोर नसतानाही तेच. मला वाटायचं, धुळ्याच्या कोर्टावरची ती दहा मिनिटं त्यांनी मनात धरली आहेत आणि हीच माझी शिक्षा आहे.

गेल्या हिवाळ्यात जळगावला त्यांच्या टीमशी आमचा सामना झाला. ती काडीची डावरी मुलगी आता माझी कॅप्टन आहे. शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. ती दमून गेली होती, पाय ओढत होती, मला स्वच्छ दिसत होतं. तिला बसवायला हवं होतं. पण तिला बसवणं मला जमेना. बाकावर चार ताज्यातवान्या मुली होत्या आणि मी तिच्या एकटीकडेच बघत राहिले. तिचे दोन पास लागोपाठ हुकले, दोन्ही सरांच्या मुलींनी पळवले, आणि आम्ही एका गुणानं हरलो. ती रडत माझ्याकडे आली आणि तिनं बॉलसाठी हात पुढे केला. माझ्या टीममध्येही तीच रीत आहे.

"तुझी चूक नाही," मी म्हटलं. "बाकावर चार जणी होत्या, मी एकटीलाच बघत बसले. आज बॉल माझ्याकडे."

मी बॉल काखेत मारून निघाले. गेटपाशी सर उभे होते. त्यांनी बॉल पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. समोरच्या बाजूनं त्यांनी तीच दोन मिनिटं बघितली होती. आता "मॅडम, छान खेळलात" असं काहीतरी येणार म्हणून मी दात आवळले. सर पुढे आले, बॉलवर तळहात ठेवून त्यांनी हवा दाबून बघितली, आणि म्हणाले, "सकायी टाइमावर आनजो, पोरी."

मला फक्त "हो सर" म्हणता आलं. बस सुटल्यावर मी बॉल मांडीवर घेऊन एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत रडले. मागे बसलेल्या मुलींना वाटलं, मॅच हरल्यामुळे.